काचेची कातडी : स्नानाच्या टबावरील डाग आणि ते काढण्याचा इतिहास

ज्या भांड्यात माणूस आपले अंग निर्मळ करतो, ते भांडे प्रत्येक स्नानागणिक थोडे थोडे मळत जाते आणि या मळाचे दोन भाग असतात. एक भाग अंगाचा असतो, म्हणजे तेल, घाम आणि धूळ. तो ताजा असेपर्यंत साबणाने सहज निघतो. दुसरा भाग पाण्याचा असतो, म्हणजे चुना, लोह आणि तांबे यांचे जे अंश पाण्यात विरघळून येतात आणि पाणी वाळल्यावर मागे राहतात, त्यांचा. गृहिणी, मोलकरीण किंवा सफाई कामगार ज्याला हट्टी डाग म्हणतात, तो बहुधा या दुसऱ्या प्रकारचा असतो, किंवा दोन्ही प्रकार एकत्र येऊन तयार झालेला असतो. हा डाग काढण्यासाठी गेल्या दीडदोनशे वर्षांत जे उपाय निघाले, त्यांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते : डाग कशाचा आहे आणि तो कशावर बसला आहे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकत्र मिळाली, तेव्हाच उपाय टिकला, एकाच उत्तरावर जिथे काम भागवले गेले, तिथे डागाबरोबर भांड्याचेही आयुष्य गेले.

पाण्याची करणी

पावसाचे पाणी जमिनीत मुरताना हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड सोबत घेते, त्यामुळे ते किंचित आम्लधर्मी होते आणि वाटेतील खडकांमधून कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून आणते. अशा पाण्याला पाठ्यपुस्तकात दुष्फेन पाणी म्हणतात, म्हणजे ज्यात साबणाला फेस येत नाही असे पाणी. बोलीत त्याला जड पाणी म्हणतात. हे पाणी तापवले की विरघळलेला कॅल्शियम बायकार्बोनेट मोडतो, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूचाच पदार्थ, भांड्याला पांढऱ्या थराच्या रूपाने चिकटतो. गरम पाण्याच्या टबावर हा थर लवकर दिसतो, याचे कारण हेच होय.

टबात पाण्याची पातळी जिथे असते तिथे उमटणाऱ्या करड्या वळ्याचे मूळ मात्र वेगळे असते. साबण म्हणजे मेदाम्लाचे सोडियम किंवा पोटॅशियमशी झालेले लवण, हे मिशेल यूजीन शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने स्निग्ध पदार्थांवरील आपल्या संशोधनातून दाखवून दिले. त्याचा त्या विषयावरील ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध झाला. जड पाण्यात या साबणातील सोडियमची जागा कॅल्शियम घेतो आणि कॅल्शियमचा साबण पाण्यात विरघळत नाही. तो चिकट साका बनून वर तरंगतो, अंगावरून सुटलेला मळ आपल्यात धरून ठेवतो आणि पाणी उतरू लागले की काठाला वळ्यासारखा चिकटतो. म्हणजे जो साबण मळ काढण्यासाठी वापरला, त्याचाच एक अंश जड पाण्यात मळ होऊन बसतो.

ब्रिटनमध्ये साबणावरील कर १८५३ साली अर्थमंत्री ग्लॅडस्टन याने रद्द केला आणि साबण सामान्य घरांच्या आवाक्यात आला. परंतु लंडनचे पाणी खडूच्या थरांमधून येणारे असल्यामुळे साबणाबरोबर साकाही वाढणे अपरिहार्य होते. ॲबर्डीन येथील प्राध्यापक थॉमस क्लार्क याने १८४१ साली पाण्याचा जडपणा कमी करण्याच्या एका पद्धतीचे पेटंट घेतले होते. त्या पद्धतीत पाण्यात मोजून चुन्याची निवळी घालत, त्यामुळे विरघळलेला चुना खडू होऊन तळाशी बसे आणि चुन्यानेच चुना काढला जाई. पुष्कळ नगरांनी मात्र दुसरा मार्ग धरला आणि दूरच्या डोंगरी तलावांतून मुळातच मऊ असलेले पाणी आणले. ग्लासगो शहराला लॉख कॅट्रिन या तलावाचे पाणी १८५९ साली मिळाले आणि पुढच्याच वर्षी, १८६० मध्ये, विहार तलावाचे पाणी मुंबईला मिळू लागले. ग्लासगोप्रमाणेच मुंबईतही पावसाचे साठवलेले पाणी नळाने घरात आले. ते विहिरीच्या पाण्याच्या मानाने मऊ असते. घाटावरच्या आणि मराठवाड्याच्या अनेक गावांत विहिरीचे किंवा कूपनलिकेचे जड पाणी वापरणाऱ्यांना डाळ न शिजणे, साबणाला फेस न येणे आणि बादलीला पांढरा थर धरणे ही तिन्ही लक्षणे एकत्रच परिचित आहेत.

घंगाळ आणि बंब

महाराष्ट्रातील घरांत टब येण्याच्या पूर्वी, आणि बहुसंख्य घरांत तो कधीच न आल्यामुळे नंतरही, स्नानाची व्यवस्था घंगाळ आणि बंब या दोन भांड्यांवर चालत असे. घंगाळ म्हणजे पितळेचे किंवा तांब्याचे, दोन बाजूंना कड्या असलेले पसरट मोठे भांडे. त्यात गरम आणि गार पाणी एकत्र विसणायचे आणि तांब्याने अंगावर घ्यायचे. बंब म्हणजे तांब्याचे उभे नळकांडे, ज्याच्या मधोमध जाळाची नळी असते, भोवतीच्या पोकळीत पाणी तापते आणि तळाजवळच्या तोटीतून ते काढले जाते. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी अशी भांडी घडवणाऱ्या कारागिरांच्या नावानेच ओळखली जाते.

या पद्धतीत माणूस पाण्यात बसत नाही. पाणी अंगावरून मोरीत वाहून जाते. त्यामुळे अंगाचा मळ आणि साबणाचा साका मोरीच्या फरशीवर जातो, तर घंगाळाच्या वाट्याला मुख्यतः धातूचे काळवंडणे आणि पाण्याचे क्षार एवढेच येतात. दोन्ही मळ वेगवेगळ्या जागी साठत असल्यामुळे त्यांवरचे उपायही वेगवेगळे ठरले. मोरी खराट्याने घासली जाई, आणि घंगाळाला चिंच व राख लावली जाई. चिंचेत टार्टारिक आम्ल असते. ते तांब्यापितळेवरील ऑक्साइडचा काळा थर आणि चुन्याचा पांढरा थर दोन्ही विरघळवते. चुलीतल्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट हा अल्कधर्मी क्षार असतो, जो तेलकटपणा तोडतो, आणि तिचे बारीक कण घासण्याचेही काम करतात. नारळाची शेंडी किंवा काथ्या ही त्यांना जोडणारी घासणी होती. आम्ल, अल्क आणि खरखरीत कण हे डाग काढण्याचे तीन मूळ उपाय असून आजच्या बाजारातील बहुतेक सगळ्या पुडी, वड्या आणि द्रव त्यांचेच अवतार आहेत; घरातील बायकांनी ते तिन्ही स्वयंपाकघरातूनच उचलले होते.

हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालला, कारण घंगाळ आतबाहेर एकाच धातूचे असते. घासताना त्याचा सूक्ष्म थर निघतो, पण खाली तोच धातू असतो आणि नवा पृष्ठभाग जुन्यापेक्षा अधिक चकचकीत दिसतो. जिथे भांड्याची कातडी आणि भांड्याचे अंग वेगळे असते, म्हणजे कल्हई केलेल्या भांड्यात, तिथे हीच घासणी कल्हई उडवते आणि कल्हईवाल्याला पुन्हा बोलवावे लागते. इनॅमलच्या टबाच्या बाबतीत असा कल्हईवाला दारोदार हिंडत नव्हता, आणि या टबाच्या साऱ्या अडचणी तिथून सुरू झाल्या.

लोखंडावर काच

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेतील टब पत्र्याचे असत आणि त्यांना रंग दिलेला असे, किंवा लाकडी पेटीला आतून तांबे, जस्त अथवा शिसे यांचा पत्रा ठोकलेला असे. हिंदुस्थानातील इंग्रजांच्या बंगल्यांतही गुसलखान्यात पत्र्याचा टब ठेवलेला असे आणि भिस्ती त्यात पाणी आणून ओतत. गरम पाण्याने रंगाचे पोपडे सुटत, पत्र्याच्या सांध्यांत मळ बसे आणि सांधा झिजला की गंज धरे. या दोषांवर जो उपाय निघाला तो ओतीव लोखंडावर काचेचा थर वितळवून चढवण्याचा होता आणि त्यालाच इनॅमल म्हणतात. मीनाकारीत सोनार दागिन्यावर रंगीत काच वितळवून बसवतो, तेच काम इथे मोठ्या प्रमाणावर केले जाते : लोखंडाचा टब भट्टीत लालबुंद तापवतात, त्यावर काचेची पूड चाळणीतून भुरभुरतात, ती तिथल्या तिथे वितळते आणि थंड झाल्यावर पांढरी, गुळगुळीत, सांधा नसलेली कातडी तयार होते.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील शबॉयगन येथे जॉन मायकेल कोहलर या कारखानदाराने १८८३ साली जनावरांसाठी बनवलेल्या ओतीव लोखंडाच्या द्रोणीवर असे इनॅमल चढवून तिला चार पाय लावले आणि स्नानाचा टब म्हणून विकली. डेव्हिड डनबर ब्यूक हा, ज्याचे नाव पुढे मोटारगाडीमुळे जगभर गेले, त्याच काळात ओतीव लोखंडावर इनॅमल बसवण्याच्या पद्धतीवर काम करत होता.

या काचेतील एक महत्त्वाचा घटक मराठी वाचकाला चांगलाच परिचित आहे. इनॅमलची काच कमी तापमानाला वितळावी आणि लोखंडाला धरून राहावी म्हणून तिच्यात बोरॅक्स घालतात. बोरॅक्स म्हणजे टाकणखार, जो सोनार डाग देताना, म्हणजे सांधा जोडताना, वापरतो. इंग्रजीत कच्च्या टाकणखाराला टिंकल असे जुने नाव आहे आणि त्याचे मूळ संस्कृतातील टंकण या शब्दात आहे. तिबेटातील खाऱ्या तलावांकाठचा आणि लडाखमधील पुगा खोऱ्यातील टाकणखार मेंढ्याबकऱ्यांच्या पाठीवरून हिमालयाच्या खिंडी ओलांडून हिंदुस्थानच्या बाजारात येई आणि दीर्घकाळ युरोपलाही तो इथूनच जाई. एकोणिसाव्या शतकात इटलीतील टस्कनी प्रांतात गरम वाफेच्या झऱ्यांतून बोरिक आम्ल काढले जाऊ लागले. पुढे १८८० च्या दशकात कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीतून वीस जनावरे जुंपलेल्या गाड्यांनी बोरॅक्स वाहून आणला जाऊ लागला आणि तो स्वस्त झाला. तोच बोरॅक्स एका बाजूने टबाच्या काचेत शिरला आणि दुसऱ्या बाजूने डबाबंद पूड होऊन तो टब धुण्याच्या कामाला आला.

गारगोटी आणि फेल्डस्पार

नव्या पांढऱ्या पृष्ठभागाने स्वच्छतेची कसोटीच बदलली, कारण तांब्यावर जो थर शोभून दिसतो तोच पांढऱ्यावर कलंक ठरतो. याच सुमारास घासण्याच्या तयार वड्या आणि पुडी यांचा व्यापार वाढला. न्यू यॉर्कमधील एनॉक मॉर्गन्स सन्स या कंपनीचा सॅपोलिओ हा घासण्याचा साबण १८६९ पासून विकला जात होता. लिव्हर ब्रदर्स या कंपनीने १८९९ साली मंकी ब्रँड या घासण्याच्या साबणाची मालकी मिळवली आणि १९०४ साली व्हिम नावाची घासण्याची पूड बाजारात आणली. पुढे याच कंपनीच्या हिंदुस्थानी शाखेने १९३४ साली मुंबईत शिवडीला साबणाचे उत्पादन सुरू केले आणि व्हिम हे नाव मराठी घरांत राखेच्या जागी आले.

सुरुवातीच्या या वड्यांमध्ये दळलेली गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, वापरली जाई आणि इथेच पृष्ठभागाचा प्रश्न उभा राहिला. फ्रीडरिख मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची एक मोजपट्टी मांडली. जे खनिज दुसऱ्यावर ओरखडा काढते ते अधिक कठीण, या साध्या तत्त्वावर ती आधारलेली आहे. तिच्यात गारगोटीचा क्रमांक सात, फेल्डस्पारचा सहा आणि खडूच्या जातीच्या कॅल्साइटचा तीन आहे. साधी काच साडेपाचच्या आसपास येते आणि इनॅमल ही काचच असल्यामुळे तिच्याजवळच बसते. गारगोटीची पूड काचेवर घासली की डाग जातो आणि डोळ्यांना न दिसणारे हजारो ओरखडे मागे राहतात. त्या ओरखड्यांत साबणाचा साका आणि लोहाचे कण रुतून बसतात, त्यामुळे पुढचा डाग लवकर पडतो आणि अधिक घट्ट बसतो. तो काढण्यासाठी अधिक जोराने घासले जाते आणि दरवेळी काचेची चकाकी थोडी कमी होते. जुन्या टबांचा तळ निस्तेज व करडा दिसतो तो बहुधा असा वर्षानुवर्षे घासून झिजलेला असतो, आणि ज्या हातांनी सर्वाधिक निष्ठेने घासले त्यांच्याच टबाची अशी दशा लवकर झाली, ही या इतिहासातील खरी खंत आहे.

यावर निघालेला एक उपाय खनिजांची नीट ओळख करून घेण्यातून आला. अमेरिकेतील कनेटिकट राज्यातील मँचेस्टर येथे जे. टी. रॉबर्टसन याच्या साबण कंपनीने १८८६ साली गारगोटीऐवजी फेल्डस्पार वापरलेले उत्पादन काढले, जे बॉन अमी या नावाने प्रसिद्ध झाले. गारगोटीच्या खाणीत तिच्याबरोबरच सापडणारा फेल्डस्पार तोवर टाकाऊ मानला जाई. कठीणपणाच्या एका पायरीचा हा फरक ऐकायला किरकोळ वाटला तरी काचेसारख्या पृष्ठभागावर तो मोलाचा ठरला आणि ओरखडा न काढणे हीच त्या मालाची जाहिरात झाली.

आम्लाची धार

गंजाचा पिवळसर तपकिरी डाग, जो गळक्या तोटीखाली ओघळासारखा उमटतो, तो घासून पूर्ण जात नाही. पाण्यात विरघळलेले लोह हवेशी संयोग पावून न विरघळणारे होते आणि काचेच्या बारीक छिद्रांत बसते. त्यासाठी लोहाला पुन्हा विरघळवणारे द्रव्य लागते आणि ते ऑक्झॅलिक आम्लाच्या रूपाने अठराव्या शतकातच हाती आले होते. कार्ल विल्हेल्म शील या स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञाने १७७६ साली ते साखरेपासून तयार केले; त्याच्याही आधी ते सॉरेल या आंबट पाल्याच्या वनस्पतीतून मिळवले जात असे आणि ही वनस्पती मराठी स्वयंपाकातील चुक्याच्याच कुळातील आहे. हे आम्ल लोहाशी बांधले जाऊन त्याला विरघळणाऱ्या रूपात आणते, त्यामुळे फार न घासता गंज निघतो. युरोपात कपड्यांवरील शाईचे आणि गंजाचे डाग याच आम्लाच्या एका लवणाने काढत. अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे १८८२ साली निघालेल्या बार कीपर्स फ्रेंड या पुडीचा आधारही हेच आम्ल होता. हे आम्ल पोटात गेल्यास विषारी असते आणि एकोणिसाव्या शतकात रेचक म्हणून घेतल्या जाणाऱ्या एप्सम मिठाशी त्याची गल्लत होऊन माणसे दगावल्याच्या नोंदी आहेत.

चुन्याच्या थरावर व्हिनेगर, लिंबू किंवा सायट्रिक आम्ल काम करते, कारण कोणतेही आम्ल कॅल्शियम कार्बोनेटला फोडून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडते. घंगाळाला चिंच लावणाऱ्या हाताला हा उपाय नवा वाटत नाही, पण जुने इनॅमल तांब्यासारखे सोसणारे नव्हते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतील सामान्य इनॅमल आम्लाने खरवडल्यासारखे होई. आम्लाला टिकणारे इनॅमल वेगळ्या प्रकारची काच वापरून बनवले जाऊ लागले आणि १९३० च्या दशकात ते खास गुण म्हणून विकले जाऊ लागले. म्हणून जुन्या टबात लिंबाची फोड विसरून राहिली तरी तिथे कायमचा निस्तेज ठसा उमटतो. शौचकूप ज्या भाजलेल्या चिनी मातीचे असते ती हायड्रोक्लोरिक आम्ल सोसते. तेच आम्ल टबावर ओतले की डागाबरोबर काचेची चकाकीही जाते.

तिसरे साधन क्लोरीनचे होते. शीलनेच १७७४ साली क्लोरीन वायू तयार केला, क्लॉद बेर्तोले याने कापड पांढरे करण्याकडे त्याचा उपयोग वळवला आणि १७९९ साली ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट याने ब्लीचिंग पावडरचे पेटंट घेतले. क्लोरीन बुरशीचा आणि वनस्पतिजन्य रंगांचा डाग घालवते, परंतु गंजावर तिचा उपयोग होत नाही, कारण ती स्वतःच लोहाला अधिक ऑक्सिडीकृत करते आणि डाग उलट पक्का होतो. दोन उपाय एकत्र केले तर गुण दुप्पट येईल, या समजुतीने ब्लीचिंग पावडर आणि आम्ल मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. हाच वायू पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममधील ईप्रच्या रणभूमीवर शस्त्र म्हणून वापरला गेला होता आणि बंद न्हाणीघरात तो तितकाच घातक ठरतो.

नवे टब, जुनी चूक

दुसऱ्या महायुद्धानंतर डिटर्जंटचा प्रसार झाला. त्यांचे कॅल्शियमशी असे चिकट संयुग बनत नसल्यामुळे वळ्याचा त्रास कमी झाला. त्याच सुमारास टबही बदलले आणि १९६० च्या दशकापासून ॲक्रिलिक या प्लॅस्टिकचे हलके, उबदार वाटणारे टब पसरू लागले. ॲक्रिलिक काचेपेक्षा पुष्कळ मऊ असल्यामुळे गारगोटी तर सोडाच, फेल्डस्पारही त्याच्यावर ओरखडे काढतो. फ्रान्समध्ये १९६९ साली निघालेल्या सिफ या मलईसारख्या द्रवात खडूच्या जातीचे मऊ कण वापरले गेले, तेही पृष्ठभागाच्या याच गरजेतून. तरीही तांब्याची सवय इनॅमलवर आणि इनॅमलची सवय ॲक्रिलिकवर चालवण्याची चूक प्रत्येक पिढीत झाली, कारण हाताची सवय वस्तूपेक्षा सावकाश बदलते.

या साऱ्या इतिहासातून निघणारा क्रम सोपा आहे. पांढऱ्या थराला सौम्य आम्ल थोडा वेळ लावून धुवावे, गंजाला लोह विरघळवणारे द्रव्य हातमोजे घालून वापरावे, साक्याला डिटर्जंट व गरम पाणी द्यावे, बुरशीला क्लोरीन एकटीच वापरावी. आणि प्रत्येक वेळी आधी कोपऱ्यातल्या छोट्या जागेवर पारख करून मगच पुढे जावे. पण या क्रमाच्याही आधी येणारी एक गोष्ट घंगाळाच्या घराला ठाऊक होती. धुतलेले भांडे पालथे घालण्याची रीत मराठी घरात इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिचे कारण सहसा सांगितले जात नाही. भांडे पालथे पडले की पाणी निथळते, ते वाळताना क्षार मागे सोडत नाही आणि डागाला बसायला जागाच मिळत नाही. टब जमिनीला जखडलेला असतो, त्याला पालथा घालता येत नाही, आणि त्याच्या डागांचे मोठे कारण हेच आहे. स्नान झाल्यावर कोरड्या फडक्याने त्याची काच पुसून घेणे आणि गळकी तोटी वेळीच दुरुस्त करणे हे त्या पालथे घालण्याचेच दुसरे रूप होय. ज्या घरात हे नेमाने होते, त्या घरातील टबाला ना गारगोटीची गरज पडते, ना आम्लाची.